उमेदवारीचे एक वर्ष

‘उमेदवार’ हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला, आणि उमेद धरून राहिलेला इसम असा त्याचा मूळचा अर्थ आहे. जुन्या कचेऱ्यांतून एखादा होतकरू तरुण दप्तरे बांधीत, नकला करीत, कारकुनाच्या शेजारी बिनपगारी बसून राही, आणि एखादी जागा रिकामी झाली म्हणजे ती आपल्या पदरात पडेल या भरवशावर दिवस काढी. त्या बसण्यालाच ‘उमेदवारी करणे’ म्हणत. कचेरीतला तो प्रघात केव्हाच मोडला, परंतु शब्दाच्या पोटात राहिलेली ती प्रतीक्षा कारखान्याच्या फाटकापर्यंत येऊन पोहोचलेली मला दिसते. दहावीनंतर औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे सगळे जिला आयटीआय म्हणतात तिथे, फिटरचा किंवा यंत्रदेखभालीचा अभ्यासक्रम पुरा करून जे तरुण, आणि आता तरुणीही, भोसरी, वाळूज, अंबड, तळोजे अशा औद्योगिक वसाहतींतून शिकाऊ उमेदवार म्हणून रुजू होतात, त्यांतील पुष्कळांची समजूत अशी असते की, हे वर्ष कसेबसे काढावयाचे, साहेबांच्या नजरेत राहावयाचे, आणि शेवटी ‘पर्मनंट’ करतात की नाही याची वाट पाहावयाची. पस्तीस वर्षे देखभाल विभागात काढल्यावर, आणि त्यांतील बरीच वर्षे अशा मुलांच्या संगतीत घालविल्यावर, मला या समजुतीचे फार वाईट वाटते. कारण उघड्या यंत्रासमोर उभे राहून ‘हे असे का?’ म्हणून कोणासही निःसंकोच विचारण्याची मुभा कारागिराला आयुष्यात या एकाच वर्षी मिळते, आणि नेमके तेच वर्ष वाट पाहण्यात निघून जाते.

हा व्यवसाय कोणता, ते प्रथम स्पष्ट केलेले बरे. टर्नर लेथवर जॉब काढतो, ऑपरेटर मशीन चालवून माल काढतो. देखभालीचा फिटर विक्रीला जाईल अशी एकही वस्तू घडवीत नाही. ज्या यंत्रांवर हे सर्व घडते ती यंत्रे पायावर उभी करणे, पातळीत बसविणे, चालती ठेवणे आणि बिघडली असता पूर्वपदावर आणणे हे त्याचे काम. कॅनडात त्याला इंडस्ट्रियल मेकॅनिक किंवा मिलराइट म्हणतात. जर्मनीत याच व्यवसायाचे शिक्षण साडेतीन वर्षांचे असते आणि तिथला विद्यार्थी कारखाना व व्यवसायशाळा या दोन्ही ठिकाणी आळीपाळीने शिकतो. आपल्याकडे मुंबईच्या कापडगिरण्यांना यंत्र जाणणारी माणसे हवी झाली त्या काळात, 1887 साली, व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट स्थापन झाली, तेव्हा ही विद्या महाराष्ट्राला नवी नाही. आज राज्यात चारशेहून अधिक शासकीय आयटीआय आहेत, फिटरचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे, आणि तो उत्तीर्ण झालेल्यास कारखान्यात साधारणतः एक वर्षाची उमेदवारी करावी लागते.

या उमेदवारीचा कायदा 1961 चा आहे, आणि रुजू होण्यापूर्वी त्यातील दोनचार गोष्टी प्रत्येक मुलाने व त्याच्या पालकांनी समजून घ्याव्यात. 30 किंवा त्याहून अधिक माणसे असलेल्या आस्थापनेवर आपल्या मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के इतके उमेदवार घेण्याचे बंधन आहे. म्हणून कोणी तुम्हांला घेतले तर त्याने तुमच्यावर मेहेरबानी केली असे मानण्याचे कारण नाही. कायद्याच्या दृष्टीने तुम्ही कामगार नसून प्रशिक्षणार्थी आहात, आणि या एका वाक्यातून पुढचे बहुतेक सारे निघते. तुम्हांला मिळणारे विद्यावेतन नगावर मोजता येत नाही, उत्पादनाच्या बोनसात तुम्हांला ओढता येत नाही, शासनाच्या शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या मान्यतेवाचून तुमच्याकडून ओव्हरटाइम करवून घेता येत नाही, आणि कामावर असताना इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकाची असते. दुसऱ्या बाजूने, मुदत संपल्यावर तुम्हांला नोकरीवर घेण्याचे बंधन, करारात तसे लिहिलेले नसेल तर, मालकावर नाही. ही गोष्ट पहिल्याच दिवशी स्वच्छपणे मनाशी धरली म्हणजे वर्षअखेरीची पुष्कळशी कटुता टळते, आणि या वर्षातून न्यावयाचे काय याचा विचारही वेळीच सुरू होतो.

करारनामा शासनाच्या पोर्टलवर नोंदला जातो. उमेदवार अठरा वर्षांखालील असेल तर पालकाची सही लागते. सही करण्यापूर्वी त्यात व्यवसायाचे नाव ‘फिटर’ किंवा तुम्ही शिकलात तेच आहे ना, मुदतीच्या दोन्ही तारखा बरोबर आहेत ना, आणि विद्यावेतनाचा आकडा त्या वर्षी लागू असलेल्या किमान दराहून कमी नाही ना, एवढे अवश्य पाहावे. विद्यावेतनातील शासनाचा हिस्सा थेट उमेदवाराच्या खात्यात जमा होत असल्यामुळे बँकेचे खाते स्वतःच्या नावाचे व आधारशी जोडलेले हवे. कराराची एक प्रत घरच्या पेटीत ठेवावी. मुदतीपूर्वी सबळ कारणावाचून करार मोडला तर कसूर ज्याची त्याने दुसऱ्यास भरपाई द्यावयाची असते, आणि असा प्रसंग आला तर तोंडच्या बोलण्याला किंमत राहत नाही.

कागदपत्रांचे एवढे पुरे. आता हाताच्या कामाकडे वळतो.

आयटीआयमध्ये पहिले कित्येक आठवडे मुलांच्या हाती कानस असते. व्हाइसमध्ये मऊ पोलादाची चपटी पट्टी धरावयाची, ती सपाट व काटकोनात घासावयाची, आणि गुण्या लावून उजेडासमोर धरावयाची. पट्टी आणि गुण्याच्या पात्यामध्ये उजेडाची रेघ दिसली की पुन्हा घासावयाची. उजेड बहुधा दोन्ही कडांना दिसतो, कारण नवशिक्याचा हात पुढे जाताना खाली झुकतो व मागे येताना वर उठतो, आणि पट्टी मध्ये फुगीर राहते. मुले या कामाला कंटाळतात. संगणकाने चालणारी मशीन समोर असताना हे कशाला, असे त्यांना वाटते. परंतु पुढे एखाद्या चावीला, म्हणजे पुली शाफ्टवर घट्ट राहावी म्हणून जी पोलादी कीलक बसवितात तिला, हाताने दोनशतांश मिलिमीटर उतरवून खाचेत बसविण्याची वेळ रात्रपाळीत येते, तेव्हा कोणतीही मशीन मदतीला धावत नाही, आणि त्या पट्टीवर गेलेल्या दुपारीच कामाला येतात. कानशीला मूठ असल्याखेरीज ती हाती धरू नये, तिच्या दातांत भुसा अडकला तर तारेच्या ब्रशाने काढावा, आणि जॉबवरचा कीस तोंडाने फुंकू नये. डोळ्यांत गेलेला पोलादाचा कण माझ्या समोर एका मुलाला आठ दिवस अंधारात बसवून गेला आहे.

मोजमापाची सवयही याच काळात लावून घ्यावी. साधे व्हर्नियर मिलिमीटरचा पन्नासावा भाग दाखविते आणि मायक्रोमीटर शंभरावा. आकडा वाचणे दोन दिवसांत येते, परंतु मायक्रोमीटर किती दाबाने फिरवावयाचा, ते बोटाला कळावयास दोन महिने लागतात. म्हणूनच त्याला टोकाशी रॅचेट दिलेला असतो, आणि म्हणूनच घाईतला माणूस रॅचेट सोडून तो क्लॅम्पसारखा आवळतो. एकच शाफ्ट तीन जागी, प्रत्येक जागी दोन दिशांनी मोजून आकडे लिहून काढा आणि दुसऱ्या दिवशी ते न बघता पुन्हा मोजा. दोन्ही दिवसांचे आकडे जुळू लागले म्हणजे हात तयार झाला असे समजावे.

ड्रॉइंग वाचण्याविषयीही एक गोष्ट सांगावीशी वाटते. लक्ष्मणराव किर्लोस्कर तरुणपणी चित्रकला शिकावयास मुंबईस गेले होते. रंग ओळखण्यात डोळ्यांचा दोष आढळल्यावर ते यांत्रिक रेखनाकडे वळले, पुढे त्याच व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेत शिकवू लागले, आणि 1910 साली औंध संस्थानाच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. नांगराचा कारखाना उभारण्यापूर्वी हा माणूस रेषा वाचावयास आणि काढावयास शिकला होता, हे उमेदवाराने ध्यानात ठेवावे. दुरुस्तीला हाती घेतलेल्या प्रत्येक जोडणीचे, मग ते कितीही ओबडधोबड असो, हाताने एक चित्र काढल्यावाचून ती सुटी करू नये. वॉशर कोणत्या बाजूला होता आणि शिम, म्हणजे फट भरावयाच्या पातळ पत्र्याच्या चकत्या, किती होत्या, हे सगळे सुटे भाग केरोसीनच्या ट्रेमध्ये पडल्यावर कोणालाही आठवत नाही.

आता या विद्येच्या गाभ्याकडे येतो, आणि तो मला ज्या प्रसंगाने कळला तो प्रसंगच सांगतो. मी उमेदवार असताना आमच्याकडे थंड पाण्याचा एक पंप होता. त्याच्या मोटरचे पंपाकडचे बेअरिंग वाजू लागले. बेअरिंगवर 6309 असा क्रमांक होता. शेवटच्या दोन आकड्यांना पाचाने गुणले की आतला व्यास मिळतो, म्हणजे 45 मिलिमीटर, हे मी पाठ केले होते आणि त्याचा मला अभिमानही होता. पुलर लावून मी जुने बेअरिंग काढले, नवे गरम करून सरळ बसविले, ग्रीस भरले, आणि मोटर गोड आवाजात चालू लागली. तीन आठवड्यांनी ते पुन्हा वाजले. पुन्हा बदलले. त्यानंतर दोनच आठवड्यांत तेच. स्टोअरकीपरने चिठ्ठीवर सही करताना माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती मी अजून विसरलेलो नाही.

तिसऱ्या वेळी आमच्या विभागातले वृद्ध मेस्त्री माझ्याबरोबर आले. त्यांना आम्ही सगळे काका म्हणत असू. त्यांनी मला नवे बेअरिंग आणू दिले नाही, जुने मागितले. ते त्यांनी कापून उघडले, बाहेरच्या रिंगच्या आतील बाजू केरोसीनने पुसली आणि खिडकीपाशी नेऊन माझ्या हाती दिली. गोळ्यांच्या वाटेची चकचकीत पट्टी रिंगच्या कडेला समांतर असावयास हवी होती. ती एका बाजूला एका कडेकडे आणि समोरच्या बाजूला दुसऱ्या कडेकडे सरकत, तिरकी गेलेली होती. “हे बेअरिंग मेलं नाही, मारलंय,” काका म्हणाले. “कुणी मारलं ते शोध.” मग आम्ही पंपाशी गेलो. मोटरच्या एका पायावर त्यांनी डायल गेजची सुई टेकविली आणि त्या पायाचा बोल्ट मला सैल करावयास सांगितला. बोल्ट सुटताच डायलचा काटा तीस घरे फिरला, म्हणजे पाय तीनदशांश मिलिमीटर वर उठला. मोटर चारही पायांवर टेकलेलीच नव्हती. बोल्ट आवळताना प्रत्येक वेळी तिचा सांगाडा पिळला जात होता, शाफ्ट वाकडा धरला जात होता, आणि नवे बेअरिंग बसल्या दिवसापासून मरू लागत होते. त्या पायाखाली मापाची शिम घालून, मग कपलिंगवर डायल फिरवून मोटर व पंप एका रेषेत आणले, आणि चौथे बेअरिंग मी तो कारखाना सोडीपर्यंत वाजले नाही.

त्या दिवसापासून मी जे मानीत आलो ते हे: भाग बदलता येणे हा या व्यवसायाचा अर्धा भाग सुद्धा नाही. तो का बिघडला ते सांगता आले, तरच तुम्ही मेकॅनिक. पुस्तकातून हे फार थोडे येते. ते येण्यासाठी काढून टाकलेले भाग पाहावे लागतात, आणि उमेदवाराला भंगाराच्या पेटीत हात घालावयास कोणी मना करीत नाही. बेअरिंगच्या वाटेवर गोळ्यांच्या अंतरा-अंतरावर खड्डे पडले असतील तर कोणीतरी बसविताना बाहेरच्या रिंगवर हातोडी मारली असे समजा; शाफ्टवर घट्ट बसणाऱ्या बेअरिंगला जोर द्यावयाचा तो आतल्या रिंगवर, आणि गरम करावयाचे तर 110 अंश सेल्सिअसच्या आसपास, हीटरवर, ज्योतीवर कदापि नव्हे. पट्ट्याची एकच कड झिजली असेल तर पुल्या एका रेषेत नाहीत. गिअरच्या दातावर एकाच टोकाला चमक असेल तर दात पूर्ण लांबीने टेकत नाहीत. तेलात चकाकी दिसली तर आत कोठेतरी धातू उतरत आहे. चालत्या यंत्राशी रोज दहा मिनिटे उभे राहण्याचीही सवय ठेवा. बेअरिंगच्या बॉडीवर स्क्रू ड्रायव्हरचे टोक टेकवून त्याची मूठ कानाशी धरली म्हणजे आतले बोलणे स्पष्ट ऐकू येते. निरोगी यंत्र कसे वाजते ते कानात मुरलेले असेल, तरच आजारी यंत्राचा आवाज वेगळा कळतो.

कामाची दैनंदिन नोंदवही ठेवण्याचा उमेदवारास नियमच आहे, आणि बहुतेक मुले ती महिनाअखेरीस एका बैठकीत, एकमेकांच्या वह्या पाहून भरतात. हा स्वतःवरच केलेला अन्याय आहे. काय बदलले याच्या शेजारी ‘का बिघडले’ असा एक रकाना स्वतःच आखून घ्या, आणि कारण कळले नसेल तर तो कोरा ठेवा. कोऱ्या रकान्यांची यादी घेऊन आठवड्यातून एकदा मेस्त्रींकडे जावे. शिकवावयास वेळ नाही असे म्हणणारी माणसे सुद्धा एका नेमक्या प्रश्नासमोर चहाचा कप बाजूला ठेवतात, हा माझा अनुभव आहे.

सुरक्षिततेविषयी मी जे लिहितो ते कृपा करून दोनदा वाचा. बंद केलेले यंत्र शांत असते, म्हणजे त्यातील शक्ती संपलेली असते असे नाही. हायड्रॉलिकच्या साठवण-टाकीत दाब राहिलेला असतो, न्यूमॅटिकच्या नळीत हवा कोंडलेली असते, स्प्रिंग दाबलेली असते, आणि प्रेसचा वर थांबलेला स्लाइड स्वतःच्या वजनाने खाली येऊ शकतो. म्हणून वीज तोडल्यावर मुख्य स्विचला स्वतःचे कुलूप घालावे, आपल्या नावाची पाटी लावावी, किल्ली आपल्याच खिशात ठेवावी, दाब सोडून द्यावा, वर असलेल्या भागाखाली आधार लावावा, आणि इतके झाल्यावर स्टार्टचे बटण दाबून यंत्र खरोखर चालू होत नाही याची खातरी करून मगच आत हात घालावा. दोघे काम करीत असतील तर दोन कुलपे. “दोनच मिनिटांचं काम आहे” हे वाक्य ज्याने उच्चारले त्याच्याबरोबर त्या यंत्रात हात घालू नका, मग तो हुद्द्याने केवढाही मोठा असो. अंगठी, हातातला दोरा, गळ्यातली साखळी, सैल बाही, मोकळे केस ही फिरत्या शाफ्टजवळ चालत नाहीत; मुलींनी वेणी टोपीखाली बांधावी, मुलांनी कडे काढून ठेवावे. हवेच्या नळीने अंगावरची धूळ उडवू नये. दाबाची हवा त्वचेखाली शिरून प्राणावर बेतते.

काही कारखान्यांत उमेदवाराला शिकविण्याऐवजी त्याच्याकडून उत्पादनाचे काम करवून घेतात, ही गोष्ट लपविण्यात अर्थ नाही. माझ्या स्वतःच्या वर्षातील चार महिने खोकी बांधण्याच्या विभागात गेले, आणि तक्रार केली तर दाखला अडेल या भीतीने मी गप्प राहिलो. ते गप्प राहणे चुकीचे होते. असा प्रसंग आल्यास प्रथम आपल्या विभागाच्या प्रमुखाशी सभ्यपणे, लेखी, नोंदवहीतील तारखा देऊन बोलावे. उपयोग झाला नाही तर आयटीआयमधील मूलभूत प्रशिक्षणाच्या केंद्रात जाऊन तिथल्या अधिकाऱ्यांमार्फत शिकाऊ उमेदवारी सल्लागारापर्यंत कैफियत पोहोचवावी. रोजच्या रोज भरलेली वही या वेळी सर्वांत मोठा पुरावा ठरते. मात्र झाडू मारणे, हत्यारे पुसून जागेवर लावणे, ट्रॉली आणणे यांस अन्याय मानू नये; ते या व्यवसायाचेच अंग आहे, आणि सांडलेले तेल कोठून आले हे झाडणाऱ्यालाच आधी दिसते.

वर्षअखेरीस अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा असते, आणि ती उत्तीर्ण झालेल्यास राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळते. रेल्वे, एसटी, वीज कंपन्या यांच्या भरतीत या कागदाला वजन आहे. खाजगी कारखान्यांत मुलाखत घेणारा जाणता असेल तर तो कागद पाहून झाल्यावर एखादे बिघडलेले बेअरिंग पुढे सरकवितो. पुढे शिकावयाचे तर विजेची प्राथमिक माहिती, हायड्रॉलिकचे आराखडे आणि पीएलसीचे दिवे वाचता येणे, या तीन गोष्टी आधी घ्याव्यात, कारण आजची यंत्रे यांत्रिक व विद्युत अशी वेगवेगळी बिघडत नाहीत.

पुढच्या महिन्यात ज्यांना रुजू व्हावयाचे आहे, त्यांना माझे सांगणे एवढेच आहे: सहा इंची पोलादी पट्टी, एक पेन्सिल आणि जाड पुठ्ठ्याची वही घेऊन जा, आणि पहिल्या दिवशी काम मिळाले नाही तर भंगाराच्या पेटीतून एक जुने बेअरिंग मागून घ्या. ते उघडून, पुसून, ते का गेले असेल ते वहीच्या पहिल्या पानावर लिहा, आणि चुकले असेल तर दुरुस्त करावयास विभागातल्या सर्वांत जुन्या मेस्त्रींकडे न्या.